सेमी-हॉलो गिटारचा मेपल निवडताना : आधी रेषा, मग रंग

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील बेळगावच्या वडगावात मागावर साड्या विणतात. दिवाळीच्या आधी पोराने सेमी-हॉलो, म्हणजे मधे भरीव आणि कडांना पोकळ अशा इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरला आणि बापलेक मोबाईलमध्ये पंधरा-वीस फोटो घेऊन माझ्याकडे आले. प्रत्येक गिटारीच्या अंगावर वाघासारखे पट्टे. एक निळी, एक लाल, एक मधासारखी पिवळी. पोराचं ठरलेलं, "सर, निळी." वडिलांचंही ठरलेलं, पैसे घालायचे तर आधी हातात धरून बघायची. शेवटी तिघेही एका दुकानात गेलो. दुकानदाराने भिंतीवरची निळी काढून दिली. वडिलांनी ती शटरपाशी उजेडात नेली, साडीचा पदर बघावा तशी दोन-तीनदा तिरकी केली आणि परत देत म्हणाले, "मास्तर, हे छापील हाय की. ह्यातलं काय हालतच नाही."

गिटार त्यांनी जन्मात पहिल्यांदा हातात घेतली होती. पण धूपछाव कापडाची पारख त्यांना होती. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कापड हललं की रंग पलटतो. गिटारवरच्या मेपल लाकडाच्या पट्ट्यांचं कारण निराळं असलं तरी परीक्षा तीच. मला ती परीक्षा फसल्यावर कळली होती, त्यांना दुकानाच्या दारात कळली. त्या दिवसानंतर दोघांना टप्प्याटप्प्याने जे सांगत गेलो, ते इथे एकत्र लिहितो आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात राहून गिटार घेणाऱ्याला आपली हवा आणि आपला उजेड धरून विचार करावा लागतो, हे त्यात मुद्दाम घातलं आहे.

रेषा म्हणजे नेमकं काय

मेपल आपल्या रानातलं झाड नाही. खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला साग, शिसव, फणस ओळखू येतो. मेपल हे उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या थंड भागातलं लाकूड. साधा मेपल अगदी फिकट आणि बिनचेहऱ्याचा असतो. काही मोजक्या झाडांत मात्र लाकडाचे तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वर-खाली होत वाढतात. असं लाकूड कापलं की पृष्ठभागावर काही ठिकाणी तंतूंची कूस येते, ती चमकते. काही ठिकाणी तंतूंची कापलेली टोकं येतात, ती उजेड गिळतात. गिटार तिरकी केली की उजेडाचा कोन बदलतो आणि मघाशी उजळ दिसलेला पट्टा काळवंडतो, काळा होता तो उजळतो. पट्टे सरकल्यासारखे वाटतात ते यामुळे.

एवढं नीट समजलं की पुढचं निम्मं काम झालं. रंग का चढतो, कुठला लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, रेषा उठवतो, कुठल्या दिव्याखाली त्या मरतात, सगळ्याचं मूळ या कूस-टोकाच्या खेळात आहे.

प्रकार तीन लक्षात ठेवावेत. पहिला फ्लेम, म्हणजे आडवे पट्टे. व्हायोलिनच्या पाठीला शेकडो वर्षं हेच लाकूड वापरतात, म्हणून याला फिडलबॅक असंही म्हणतात. ओंडका गाभ्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने चिरला तर हे पट्टे उत्तम उठतात. दुसरा क्विल्टेड. याला आपल्याकडे सरळ वाकळ म्हणावं. टाके घातलेल्या वाकळीवर जसे फुगवटे येतात तशा ढगाळ गाठी दिसतात. हा बहुतेक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बिगलीफ मेपलमध्ये सापडतो आणि तो ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाने, सपाट चिरल्यावर खुलतो. तिसरा बर्ड्‌स आय, बारीक बारीक डोळ्यांचा. हा सेमी-हॉलोच्या टॉपवर, म्हणजे पुढच्या फळीवर, क्वचित दिसतो, गिटारच्या मानेला जास्त.

सेमी-हॉलोला मी फ्लेमच सुचवतो. दोन्ही बाजूंच्या एफ-आकाराच्या भोकांनी टॉपवर आधीच नक्षी झालेली असते. त्यावर वाकळीचे ढग आले की नजरेला विसावा मिळत नाही. ही माझी आवड झाली. कुणाला गर्दी आवडत असेल तर आवडो.

पहिली पायरी : टॉप कशाचा आहे

सेमी-हॉलोचा घाट पडला तो १९५८ साली, गिब्सन कंपनीच्या ईएस-३३५ या गिटारपासून. दोन्ही कडांना पोकळ पंख आणि मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात शिट्टी मारायची, मधल्या ठोकळ्याने ती आटोक्यात आली. या गिटारचा टॉप अखंड मेपलचा नव्हता. पातळ थर एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून त्याला बाक दिलेला होता. बाहेर-आत मेपल आणि मध्ये पॉप्लर नावाचं दुसरं लाकूड. सरळ शब्दांत सांगायचं तर चांगल्या प्रतीचं प्लाय. आजही या घाटाच्या बहुतेक गिटारी, स्वस्त असोत की महाग, अशाच बनतात.

"प्लाय" ऐकून विद्यार्थ्याचा चेहरा पडला. आपल्याकडे प्लाय म्हणजे किचनच्या कपाटाचं. पण इथे ती लबाडी नाही, घडणच तशी आहे. दाबलेलं प्लाय बाक धरून ठेवतं, सहजी तडकत नाही, आणि पावसाळ्यात अखंड फळीपेक्षा कमी हलतं. आपल्या हवेत हा फायदाच म्हणायचा.

मात्र यातून एक मोठा निष्कर्ष निघतो. तुम्ही ज्या रेषांवर भाळता, त्या वरच्या एका पातळ विनियरवर, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्यावर आहेत. विनियरची जाडी बहुधा मिलिमीटरपेक्षा कमी असते, पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणून "फ्लेम टॉपमुळे आवाज गोड येतो" असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठावं. आवाज ठरवतात मधला ठोकळा, पिकअप (तारांची थरथर विजेत पकडणारा भाग), ब्रिज (तारा टेकतात तो भाग), मान आणि वाजवणाऱ्याची बोटं. रेषा डोळ्यांसाठी आहेत आणि डोळ्यांसाठी म्हणूनच त्यांचे पैसे मोजावेत. ज्याला हे पटत नाही त्याने बिनरेषांची चेरी-लाल गिटार घ्यावी आणि उरलेल्या पैशांत बरा अँप्लिफायर घ्यावा. मी तेच केलं असतं, पण विद्यार्थ्याला सांगून उपयोग नव्हता.

अपवाद आहेत. पीआरएस कंपनीच्या अमेरिकेत बनणाऱ्या हॉलोबॉडी गिटारींत अखंड मेपल कोरून टॉप करतात. रिकेनबॅकर कंपनीची ३३० तर भरीव मेपल आतून कोरूनच बनते. तिथे भाव वेगळा आणि विचारही वेगळा.

दुसरी पायरी : खरं, छापील आणि त्याच्या मधलं

तीन गोष्टी करायच्या, पाच मिनिटं लागतात.

पहिली वडिलांनी केलीच. एकाच दिव्याखाली गिटार हळूहळू तिरकी करा. खऱ्या रेषा सरकतात. छापील कागद किंवा फिल्म असेल तर पट्टे जिथल्या तिथे राहतात, फक्त वरच्या लॅकरची चमक फिरते. चमक फिरली म्हणून फसू नका, पट्ट्याच्या आतला उजेड फिरला पाहिजे.

दुसरी परीक्षा जास्त मजेची. बहुतेक टॉप मधोमध जोडलेले असतात, एकच विनियर पुस्तकासारखं उघडून दोन बाजूंना लावलेलं, म्हणून डावी-उजवी बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा दिसते. पण पुस्तक उघडताना एक पान उलटं होतं, त्यामुळे तंतूंचा कलही उलटतो. गिटार तिरकी केली की एक अर्ध उजळतं तेव्हा दुसरं मंद होतं आणि उलट कलवली की अदलाबदल होते. दुकानात हे पाहून पुष्कळ लोक म्हणतात, "दोन बाजूंचा रंग वेगळा आहे, माल डिफेक्टिव्ह." उलट ती खरेपणाची खूण आहे. छापील चित्रात दोन्ही बाजू सारख्याच उजळतात.

तिसरी परीक्षा, एफ-भोकात मोबाईलचा टॉर्च. भोकाच्या कडेला थर दिसतात. रंगाखाली कडा झाकलेल्या असल्या तरी कुठेतरी एखादा थर डोकावतो. वरच्या पट्ट्याची रेष कडेवरून तशीच खाली उतरत असेल तर फळी अखंड आहे. थर वेगळे दिसले तर विनियर आहे, आणि आपण म्हटलंच, त्यात वाईट काही नाही.

छापील गिटार म्हणजे फसवणूकच असं मात्र समजू नये. १९९० च्या दशकात फेंडर कंपनीने जपानी बनावटीच्या काही गिटारी "फोटो फ्लेम" या नावानेच उघडपणे विकल्या होत्या. प्रश्न येतो तो जुन्या बाजारात, चार हात फिरल्यावर, जेव्हा "फोटो" हा शब्द गळतो आणि "फ्लेम" तेवढा राहतो. माझं तसंच झालं. एका शहरातल्या दुकानातून मी "ट्रिपल ए फ्लेम" म्हणून वापरलेली गिटार घेतली, ट्यूबलाइटखाली बघून. घरी आल्यावर संध्याकाळच्या उन्हात धरली तर पट्टे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे गप्प. गिटार वाजायला बरी होती, म्हणून चार वर्षं ठेवली, पण उन्हात परत कधी नेली नाही.

जाता जाता त्या "ए"बद्दल. ए, डबल ए, ट्रिपल ए, पाच ए वगैरे प्रतवारीचं कोणतंही सर्वमान्य माप नाही. एका विक्रेत्याचा ट्रिपल ए दुसऱ्याचा डबल असू शकतो. एकाच कंपनीच्या यादीत तुलना करायला ती अक्षरं थोडीफार कामाची, एरवी नाहीत.

तिसरी पायरी : उजेड

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडच्या दुकानात आणि घरातही पांढऱ्याशुभ्र ट्यूब असतात, खोक्यावर ६५०० के असं लिहिलेल्या (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप). हा उजेड निळसर. त्याच्याखाली मधासारखा पिवळा रंग फिका, आजारी दिसतो, चेरी लाल मळकट दिसते आणि निळी गिटार मात्र झळाळते. पोराला निळीच का आवडली, याचं अर्धं उत्तर दुकानाच्या छतावर होतं. तीच गिटार २७०० ते ३००० के च्या पिवळ्या दिव्याखाली नेली की खेळ उलटतो.

दुसरं, उजेड एका जागेवरून येतो की सगळीकडून, हेही बघावं लागतं. लांबलचक ट्यूब आणि पावसाळ्यातलं ढगाळ आकाश, दोन्हींचा उजेड पसरट. पसरट उजेडात पट्टे सपाट होतात. जुलैमध्ये बेळगावात गिटार बघायला जाऊ नये, असं मी गंमतीने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे. दुपारी चार-पाचचं तिरकं ऊन, नाहीतर एकच साधा बल्ब, नाहीतर मोबाईलचा टॉर्च बाजूने धरून बघा. रेषा असतील तर बोलतील.

तिसरं, गिटार शेवटी वाजणार कुठे? आपल्या मुलांची वाजवण्याची ठिकाणं म्हणजे गणपती मंडळाचं स्टेज, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, कॅम्पातलं एखादं चर्च, नाहीतर शनिवारी चोर्ला घाट उतरून गोव्यातलं एखादं हॉटेल. स्टेजवर रंगीत एलईडी असतात. निव्वळ निळ्या दिव्याखाली लाल गिटार काळी दिसते, कारण परतवायला लाल उजेडच नसतो. पिवळट-नैसर्गिक रंगाची गिटार पडेल तो रंग घेते. स्टेजवर वावरणाऱ्याने फिकट रंगाचा विचार जरूर करावा. घरी बसून वाजवणाऱ्याने घरातला दिवा बघावा, तेवढं पुरे.

चौथी पायरी : रंग

इथे एकच नियम मला खरा वाटतो. रंग रेषांवर ठरवायचा, रेषा रंगावर नाही. हातात आहे तो टॉप आधी वाचा.

रेषा ठसठशीत, एकसारख्या, मधल्या जोडावर नीट जुळलेल्या असतील तर नैसर्गिक किंवा मधासारखा अंबर घ्या. या रंगाला लपवायला जागा नसते. जोड वाकडा असेल, लाकडात करडी-काळपट खनिजाची रेघ असेल तर सगळं दिसतं. १९५८ ते १९६० या पहिल्या काळातल्या नैसर्गिक रंगाच्या ३३५ थोड्याच बनल्या, आणि म्हणून आज त्यांचा भाव आभाळाला भिडलेला असतो.

रेषा मधे छान आणि कडेला विरळ होत असतील तर सनबर्स्ट. मधे उजळ, कडेला गडद. १९२० च्या दशकातच गिब्सनच्या गिटारींवर हा प्रकार होता. १९२२ च्या एल-५ गिटारला जुन्या इटालियन व्हायोलिनच्या गावावरून क्रेमोना ब्राउन असं नाव दिलेलं होतं. कडेच्या गडद पट्टीत लाकडाची कमतरता झाकली जाते, यात शरम काही नाही. उलट चांगला सनबर्स्ट नजर मधल्या रेषांकडे ओढतो. वाईट सनबर्स्ट ओळखायची खूण म्हणजे काठ. गडद रंग हळूहळू विरघळत आत आला पाहिजे. एकदम कडा पडली तर फवारा घाईत मारला आहे.

सनबर्स्टमध्येच टोबॅको बर्स्ट असतो. निपाणीच्या माणसाला मला हा रंग समजावून सांगावा लागत नाही. वाळलेल्या पानाच्या शिरेपाशी जो सोनेरीपणा असतो आणि कडेला जो काळपट तपकिरी, तोच. माझ्या मते फ्लेमवर सगळ्यात जास्त शोभतो तो हा. तपकिरी रंग लाकडाचाच नातेवाईक असल्याने रेषेशी भांडत नाही.

चेरी म्हणजे पारदर्शक लाल. हलक्या रेषांवर छान, कारण लालाखाली पट्टे अंधुक दिसतात आणि उन्हात गेल्यावरच जागे होतात. पण लाल रंगाची एक जुनी खोड आहे. १९५८-६० च्या काळात वापरलेला लाल रंग उन्हाने उडायचा. त्या वेळच्या कितीतरी सनबर्स्ट गिटारी आज चहासारख्या, लिंबासारख्या पिवळ्या दिसतात आणि संग्राहक त्यावर जीव टाकतात. आताचे रंग अधिक टिकतात, तरी लाल गिटार खिडकीतल्या उन्हात रोज टांगून ठेवू नये. आपण लाल साडी उन्हात वाळत घालत नाही तसंच.

निळा, हिरवा, पारदर्शक काळा. रेषा अतिशय जोरकस असतील तरच. गडद पारदर्शक रंगात साधे पट्टे बुडून जातात आणि मग उरतो नुसता डागाळलेला निळा. निळ्याची आणखी एक गोष्ट : वरचा लॅकर जर काळाने पिवळा पडणाऱ्या जातीचा असेल, तर निळ्यावर पिवळं चढून गिटार हळूहळू हिरवट होते. विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हिरवी पण चालेल की, सर." वय अठरा.

पाचवी पायरी : वरचा थर

चार जाती समजून घ्या.

नायट्रोसेल्युलोज, थोडक्यात नायट्रो. पातळ बसतो, रेषांना खोली देतो, काळाने पिवळा पडतो, थंडी-गरमीच्या झटक्याने त्यावर बारीक भेगांचं जाळं येतं. हा लॅकर आपल्याला अनोळखी नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने गाड्यांसाठी "ड्यूको" नावाने हाच रंग आणला. आपले फर्निचरवाले आजही कुठल्याही फवाऱ्याच्या रंगकामाला "ड्यूको मारणं" म्हणतात, ते तिथून आलेलं. पॉलिशवाल्याकडे जो "एनसी लॅकर" असतो, तो नात्याने हाच.

पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर. बऱ्याचशा परवडणाऱ्या गिटारींवर हेच असतं. टणक, घामाला दाद न देणारं, पिवळं पडायला फार वेळ घेणारं. जाड बसवलं तर रेषा काचेखाली ठेवलेल्या फोटोसारख्या दिसतात, नीट बसवलं तर फरक सांगता येत नाही.

मॅट किंवा सॅटिन. हाताला सुरेख लागतं, पण उजेड विखरून टाकतं. रेषांसाठी पैसे मोजून वर मॅट लावणं म्हणजे पैठणीवर शाल पांघरणं.

शेवटची लाखेची पॉलिश. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थर चढवत जाणं. गिटार कारखान्यात ही क्वचित, पण मिरजेला जाऊन तिचं काम जरूर बघावं. सतारमेकर गल्लीत सतारी-तंबोरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथलं लाकूड तूण, आपलं मेपल. तरी लाखेचा थर लाकडाच्या आत उजेड कसा शिरू देतो, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कुठल्याही गिटारची चमक बघताना तुलनेला एक माप मिळतं. एका कारागिराला मी माझी गिटार दाखवली होती. त्यांनी नखाने टॉपवर टिचकी मारली आणि विचारलं, "हे प्लॅस्टिक कशाला लावलंय?"

आपल्या भागात निवड करताना माझा सल्ला : रोज वाजवणारा, घाम येणारा, गाडीवरून गिटार नेणारा विद्यार्थी असेल तर पातळ बसवलेला पॉली घ्या. नायट्रोचे नखरे सांभाळायला वेळ आणि कपाट दोन्ही लागतात. रबराच्या किंवा व्हिनाइलच्या स्टँडला नायट्रो महिनोन्‌महिने टेकवून ठेवला तर लॅकर मऊ होऊन डाग पडतो. माझ्या एका मित्राच्या गिटारीला मानेच्या मागे स्टँडचे दोन ओठ कायमचे उमटले आहेत. स्टँडला सुती कापड गुंडाळायचं. आणि गणपतीत उघड्यावर वाजवताना डासांचं मलम चोपडून लगेच गिटारीला हात लावू नये; काही मलमांतलं डीट हे रसायन लॅकर आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं.

स्थानिक पॉलिशवाल्याकडून रंगवून घ्यायची असेल तर

हे करणारे हौशी वाढले आहेत. बिनरंगाची बॉडी मागवायची, किंवा जुनी खरवडून घ्यायची. माझं मत विचाराल तर नवी बिनरंगी बॉडी असेल तरच करा. जुना रंग काढताना विनियर जातं. पॉलिश पेपर चार वेळा जास्त फिरला की मेपल संपून खालचा फिका पॉप्लर उघडा पडतो, आणि त्यावर इलाज नाही. मग एकच मार्ग उरतो, अपारदर्शक रंग.

बॉडी कोरी असेल तर रेषा उठवायची जुनी युक्ती अशी. लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं, उभी राहिलेली लव ३२० च्या पेपरने हलकेच काढायची. मग पातळ केलेला गडद तपकिरी डाय लावायचा. तंतूंची टोकं तो जास्त पितात, कूस कमी पिते. वाळल्यावर पुन्हा हलका पेपर. कुशीवरचा रंग निघतो, टोकांतला राहतो, पट्टे ठसठशीत होतात. त्यावर हवा तो फिकट डाय, अंबर किंवा लाल. डाय म्हणजे विरघळणारा रंग. टिनमधला पिगमेंटचा स्टेन घेऊ नका, तो लाकडावर बसून रेषा झाकतो. काळ्या रंगाने सुरुवात केली तर पट्टे फार कर्कश होतात, दुरून गिटार झेब्र्यासारखी दिसते. तपकिरीने थांबा.

हे सगळं आधी तुकड्यावर. त्याच मेपलचा तुकडा, तेच थर, शेवटच्या लॅकरसकट. नुसता डाय लावलेला तुकडा कोरडा आणि फिका दिसतो. त्यावर थोडं स्पिरिट पुसलं की ओलेपणी जो रंग दिसतो, साधारण तो लॅकरनंतर येतो.

पॉलिशवाल्याशी बोलताना वेळ हाच मोठा मुद्दा. जून ते सप्टेंबर लॅकर मारू नका. फवाऱ्यातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकर दुधाळ पांढरा पडतो. तो म्हणेल, "रिटार्डर घालतो, काय होत नाही." रिटार्डर म्हणजे लॅकर वाळणं लांबवणारं द्रव; त्याने थोडं सावरतं, पण आपल्या आषाढात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बेळगावातला खरा हंगाम. नायट्रो मारून झाला की निदान तीन-चार आठवडे गिटार टांगून ठेवावी, मगच घासून चकाकी द्यावी. गाड्या रंगवणारे दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लियर मारतात, तो लवकर कडक होतो, पण त्यातला हार्डनर फुफ्फुसाला वाईट. नुसता रुमाल बांधून मारणाऱ्याकडे काम देऊ नका. आणि एनसी लॅकर भडकन पेटतो. शेडमध्ये विडी ओढणारा माणूस दिसला तर आपली बॉडी उचलून घरी यावं.

आणखी एक बारीक गोष्ट. एफ-भोकांच्या आतल्या कडेला रंग कुठला, हे आधीच सांगा. कुणी काळी करतात, कुणी लाकडाची ठेवतात. न सांगितलं तर अर्धी काळी, अर्धी तशीच मिळते.

दुरून मागवताना

कॅटलॉगमधला फोटो म्हणजे बोहल्यावरचा नवरा. त्याच मॉडेलची, पण तीच गिटार नव्हे. विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागा : सीरियल नंबर दिसणारा फोटो, दिवसाच्या उजेडात पूर्ण टॉपचा फोटो, आणि एका दिव्याखाली गिटार हळू तिरकी करत काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. तिसरी गोष्ट द्यायला कुरकूर करणारा विक्रेता असेल तर सोडा. मधला जोड, ब्रिजखालचा भाग आणि एफ-भोकांच्या टोकांपाशी लॅकरला चिरा आहेत का, एवढं व्हिडिओत थांबवून बघा.

घरी आल्यावर फारसं करायचं नाही. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के गिटारला मानवते. आपल्या पावसात ती पुष्कळ वर जाते, म्हणून गिटार केसमध्ये, सोबत सिलिका जेल, आणि दर महिन्याला ती पुडी वाळवायची. पुसायला जुनं मऊ सुती धोतर उत्तम. चकचकीत करणारे सिलिकॉनचे स्प्रे नकोत. पुढे कधी लॅकर दुरुस्त करायचा म्हटलं तर सिलिकॉनवर तो बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

त्या बापलेकांची गिटार डिसेंबरात आली, वापरलेली, पॉली लॅकरची, टोबॅको बर्स्ट. विक्रेत्याशी व्हिडिओ कॉलवर वडीलच बोलले. "जरा तिरपी धरा. अजून. आता दुसऱ्या बाजूला," असं तीनदा करवून घेतलं. डावी बाजू उजळली, उजवी मावळली, मग उलट झालं. त्यांनी फोन पोराच्या हातात दिला आणि मागाकडे गेले. पोराने गिटार घेतली, आणि सोबत गळ्यात अडकवायचा निळा पट्टा.